स्वतःच्या वापरापुरतं

न्यायालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत नक्कल विभाग होता आणि त्या विभागात चौतीस वर्षं नक्कलभाऊ होते. हे नाव ऐकून नवख्या माणसाला वाटायचं, हा कोणी नकला करणारा, चारचौघांत हशा पिकवणारा गृहस्थ असणार. प्रत्यक्षात नक्कलभाऊंनी कोणाला हसवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. निकालाची किंवा साक्षीची नक्कल हवी असली की माणसाने अर्ज करायचा, अर्जात कारण लिहायचं, साहेबांनी अर्ज मंजूर करायचा, मग नक्कलभाऊंनी कागद टाइप करून खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा. अर्जाशिवाय नक्कल नाही. एकदा खुद्द न्यायाधीशांनी आपल्याच निकालाची एक प्रत घरी न्यायला मागितली, तेव्हाही नक्कलभाऊंनी कोरा अर्ज पुढे केला. न्यायाधीशांनी तो भरला. कारणाच्या रकान्यात ‘वाचायला’ असं लिहिलं.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बायको शाळेत शिवण शिकवायची. एकच मुलगी. ती पाच वर्षांची असताना तिला गोवर निघाला आणि पडदे ओढलेल्या खोलीत ती दिवसभर कुरकुरत पडून राहिली. नक्कलभाऊंनी वाचनालयातून तिच्यासाठी गोष्टीची एक कॅसेट आणली. एका अस्वलाने कोट शिवायला टाकला, कोट आला तर त्याला बटणंच नाहीत, मग अस्वल बटणं शोधत रानभर हिंडलं, अशी ती गोष्ट होती. सांगणाऱ्या बाईंचा आवाज घोगरा आणि घाई नसलेला होता. मुलीने ती कॅसेट सात दिवसांत चाळीसएक वेळा ऐकली. आठव्या दिवशी ती परत करायची होती आणि गोवर अजून उतरला नव्हता.

वाचनालयात मुदत वाढवून मिळत नसे. दुकानात चौकशी केली तर माल संपला होता आणि पुन्हा येण्याचं चिन्ह नव्हतं. नक्कलभाऊंनी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला, आपल्या टेपरेकॉर्डरसमोर पलंगावर ठेवला, एकात गोष्ट लावली, दुसऱ्यात कोरी कॅसेट घातली आणि दोन्ही बटणं एकदम दाबली. पाऊण तास ते हाताची घडी घालून शेजारी बसून राहिले. मधे एकदा मुलगी तीनदा खोकली. मग बायको बाजारातून आली. तिला आतली परिस्थिती माहीत नव्हती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अहो, दार लावा ना, वारा येतोय.” नक्कलभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं, उठले आणि शक्य तितक्या हळू दार लावलं. दाराला तेल नव्हतं, त्यामुळे तेही टेपवर उतरलं.

कॅसेट त्यांनी वेळेत परत केली. पण त्यांना चैन पडेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अर्जाशिवाय नक्कल केली होती. दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या कँटीनमध्ये त्यांनी ओळखीच्या वकिलांना गाठलं. हे वकील त्यांच्याच वयाचे, संत्रं सोलण्यात गुंतलेले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीसाठी कॅसेटची नक्कल केली तर चालते का, असं त्यांनी विचारलं.

“स्वतःच्या वापरापुरतं असेल तर चालतं,” वकील म्हणाले.

“मुलगी ‘स्वतः’मध्ये येते?”

“घरातली माणसं येतात.”

“आणि बायको?”

“ते घरी विचारा,” असं म्हणून वकील संत्रं घेऊन निघून गेले, कारण त्यांच्या नावाचा पुकारा झाला होता.

तेवढ्या आधारावर नक्कलभाऊंनी घरी एक वही घातली. पहिल्या पानावर अर्ज लिहिला. अर्जदार, स्वतः. कारण, स्वतःच्या वापरासाठी. खाली मंजुरीची सही, तीही स्वतःचीच. शेवटी शेरा मारला: ‘बाह्य आवाज: खोकला तीन, वाक्य एक, दार एक. सबब ही खरी नक्कल नाही.’ कॅसेटच्या वेष्टनावरचं कंपनीचं नाव आणि पत्ताही त्यांनी आठवणीने उतरवून घेतला होता, तो तिथे लिहिला. बायकोने वही वाचली आणि विचारलं, की अर्ज नामंजूर झाला असता तर? नक्कलभाऊ म्हणाले, तर नक्कल पुसली असती. हे ते मनापासून बोलत होते, हे बायकोला कळलं आणि तिने तो विषय कायमचा सोडला.

पुढच्या बारा-तेरा वर्षांत त्या वहीत एकसष्ट अर्ज मंजूर झाले. व्याख्यानं, नाटकं, गाणी. पुढे त्यांनी दोन कॅसेट एकदम चालणारं यंत्र घेतलं, त्यामुळे घरातले आवाज टेपवर यायचे थांबले. नियम मात्र तेच. दुकानात मिळत असेल तर विकत घ्यायचं, नक्कल करायची नाही. या नियमापायी त्यांनी स्वतःचे चार अर्ज स्वतः नामंजूर केले, आणि एकदा तर नामंजुरीवर फेरविचाराचा अर्ज केला, तोही फेटाळला. दुसरा नियम, नक्कल घराबाहेर जाणार नाही. मेहुण्याने एका विनोदी नाटकाची कॅसेट उतरवून मागितली तेव्हा त्याला त्यांनी चहा दिला, नाटक बसून ऐकवलं, पण नक्कल दिली नाही. मेहुणा चिडला नाही. तो बाजारात गेला, तिथे अशा कॅसेट टोपलीत घालून विकत, तीच कॅसेट दहा मिनिटांत घेऊन आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, भाऊजी, तुम्हाला एक हवी आहे का?

मुलगी एकोणीस वर्षांची असताना बायको गेली. दुखणं तीन महिन्यांचं. त्या काळात घरोघरी फोटो निघत, आवाज कोणी काढून ठेवत नसे. तिचे फोटो बरेच होते, आणि जवळपास सगळ्यांत ती कोणाला तरी नीट उभं राहायला सांगत असल्यासारखी दिसत होती. काय सांगत होती ते फोटोत येत नव्हतं.

मुलीचं लग्न झालं, ती बसने चार तासांवरच्या शहरात राहायला गेली, तिला मुलगी झाली. नक्कलभाऊ निवृत्त झाले. मुलगी दर रविवारी सकाळी फोन करायची, बाप-लेक वीस मिनिटं बोलायचे, त्यात पाणी येतं का, गुडघा कसा आहे, हे सगळं आटपायचं.

एका बुधवारी फोन आला. नक्कलभाऊंनी आधी कॅलेंडरकडे पाहिलं.

मुलगी सांगत होती, की आदल्या दिवशी नात झोपत नव्हती, म्हणून तिला ती अस्वलाची गोष्ट सांगायला घेतली. वादळात भिजलेलं अस्वल साळिंदराच्या घरात शिरतं, तिथवर आली. पुढे साळिंदराची बायको म्हणते, “अहो, दार लावा ना, वारा येतोय,” हे वाक्य ती लहानपणापासून पाठ असल्यासारखं म्हणून गेली. आणि म्हणता म्हणता थांबली. साळिंदराला त्या गोष्टीत बायको नव्हतीच.

“बाबा, ती कॅसेट आहे अजून?”

“आहे.”

“तिच्यात आई आहे.”

“आहे,” नक्कलभाऊ म्हणाले. “वहीत नोंद आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

नक्कलभाऊंना माहीत होतं. ते दर दोन-तीन महिन्यांनी ती कॅसेट लावत, पहिल्या बाजूची अठरा मिनिटं अस्वल ऐकत, एकोणिसाव्या मिनिटाला ते वाक्य ऐकत आणि यंत्र बंद करत. नुसतं वाक्य पुढे पळवून ऐकावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. हे त्यांनी मुलीला सांगितलं नाही. नुसतं हो म्हणाले.

मुलीने त्या कॅसेटची एक प्रत मागितली. यावर नक्कलभाऊ जे बोलले ते त्यांनी नंतर बऱ्याच जणांना जसंच्या तसं सांगितलं, कारण आपलं काही चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं. ते म्हणाले, “गोष्ट कंपनीची आहे. ती आपल्या घरापुरती उतरवली होती. तुझं घर आता वेगळं आहे. आईचं वाक्य मात्र आईचं आहे, आणि तिचे वारस आपण दोघं. ते चार सेकंद तुला काढून देतो. उद्याच देतो.”

पलीकडून मुलगी म्हणाली, “चार सेकंद,” आणि फोन बंद झाला.

त्या रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारी जावयाचा आला. तो हवेबद्दल बोलला. तिसऱ्या रविवारीही जावईच, आणि हवेत बदल नव्हता.

सोमवारी नक्कलभाऊ वकिलांच्या घरी गेले. वकीलही आता निवृत्त होते, पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून बसले होते. नक्कलभाऊंनी वही उघडून सगळी हकिगत सांगितली आणि कँटीनमधल्या त्या सल्ल्याची आठवण दिली. वकिलांना तो सल्ला आठवत नव्हता. संत्रंही आठवत नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की ते कलम आपण तेव्हा वाचलेलं नव्हतं, पुकारा झाल्यामुळे काहीतरी बोललो असू. मग त्यांनी मुलाला कपाटातून पुस्तक काढायला लावलं, चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच ते कलम वाचलं.

“खासगी वापर असे शब्द आहेत,” ते म्हणाले. “खासगी म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. दोन्ही बाजूंनी भांडता येईल. मला तर तुमची पहिली नक्कलसुद्धा शंभर टक्के बसेल असं वाटत नाही.”

नक्कलभाऊ खुर्चीत मागे टेकले. ज्या वाक्यावर एकसष्ट अर्ज उभे होते, ते वाक्य एका माणसाने संत्रं सोलता सोलता टाकलेलं निघालं होतं.

“तुमच्यावर कोणी दावा करणार आहे का?” वकिलांनी विचारलं.

“नाही.”

“कोणाचं नुकसान झालंय?”

“नाही. एकसष्टांतली एकही तेव्हा दुकानात मिळत नव्हती.”

“मग तुम्हाला अडलंय काय?”

“हेच,” नक्कलभाऊ म्हणाले. “कोणी विचारतच नाही. मग मला विचारावं लागतं.”

वकिलांनी पायावर थोडं गरम पाणी घेतलं आणि म्हणाले, की मग ज्याची वस्तू आहे त्यालाच जाऊन विचारा. हा सल्ला नक्कलभाऊंना पटला. तो आपल्याला तेहतीस वर्षांपूर्वी सुचायला हवा होता, असंही वाटलं.

वहीतल्या पत्त्यावर ते दुसऱ्या दिवशी गेले. कंपनीच्या जागी न्हाणीघराच्या फरशांचं दुकान होतं. दुकानदार नमुन्याच्या फरशा पुसत होता. कंपनी केव्हाच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि ती तिसऱ्या, एवढं त्याला ठाऊक होतं. तिसऱ्या कंपनीचा पत्ता त्याच्याकडे होता, कारण चुकीचं टपाल तो तिकडे पाठवायचा. शिवाय तो म्हणाला, त्या कॅसेटवर बोलणाऱ्या बाई मागच्या गल्लीत राहतात. अधूनमधून येऊन, आपल्या नावाने काही आलंय का, विचारून जातात. काही आलेलं नसतं. फरशा मात्र बघून जातात.

नक्कलभाऊंनी तिसऱ्या कंपनीला रीतसर पत्र टाकलं आणि बाईंकडे जायला चार दिवस घेतले. जाताना पिशवीत यंत्र आणि कॅसेट घेतली. ऐकवणं म्हणजे नक्कल नव्हे, याचा त्यांनी आधीच विचार करून ठेवला होता.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. आवाज होता तसाच घोगरा, फक्त आता त्याला मोठ्या टेकूची गरज लागल्यासारखा मधेच थांबणारा. गोष्ट त्यांनीच लिहिलेली होती. कंपनीने फक्त त्यांचा आवाज मुद्रित केला होता, तोही एका दुपारी, पंखा बंद करून. त्यांच्याकडची एकुलती एक कॅसेट शाळेने नेली ती परत आली नाही. स्वतःची गोष्ट त्यांनी तीस वर्षांत ऐकली नव्हती.

नक्कलभाऊंनी यंत्र टेबलावर ठेवून बटण दाबलं. बाई मुलाची उजळणी तपासावी तशा ऐकत होत्या. ‘काजं’ हा शब्द आपण घाईने म्हटला, असं एकदा म्हणाल्या. खोकल्याला त्यांनी भुवया वर केल्या. मग ते वाक्य आलं, मागोमाग दार करकरलं, आणि बाईंनी हात वर केला.

“हे मी म्हटलेलं नाही.”

“नाही,” नक्कलभाऊ म्हणाले. “ती माझी बायको. बाजारातून आली होती. दार मी लावलं.”

“मागे घ्या.”

नक्कलभाऊंनी टेप मागे घेतली. तेवढ्यासाठी मागे घ्यायची त्यांची ही पहिली वेळ. बाईंनी दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग उठून कपाटातून एक जुनी वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथे अस्वल आत येतं,” त्या म्हणाल्या. “बाहेर वादळ आहे. दोघं बसून खातात, बोलतात, झोपतात. आणि दार उघडंच. मी कोणाला लावायलाच सांगितलं नाही. इतकी वर्षं शाळेत ही गोष्ट सांगितली, एका पोरानेही विचारलं नाही. तुमच्या बायकोला दोन मिनिटांत कळलं.”

नक्कलभाऊंनी खुलासा केला, की ती आपल्या घरच्या दाराबद्दल बोलत होती. बाई म्हणाल्या, असू द्या, बोलली बरोबर जागी. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “गोष्ट पुन्हा लिहून काढतेय मी. हे वाक्य घेऊ का?”

हा प्रश्न नक्कलभाऊंना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मागणारे लोक त्यांनी हजारोंनी पाहिले होते, पण ते मागत ते दुसऱ्याचं असे, आणि मंजुरी साहेबांची असे. इथे साहेब कोणी नव्हते. वाक्य त्यांच्या घरचं होतं. त्यांनी पाणी मागितलं, आणि प्यायल्यावर म्हणाले, की माझी हरकत नाही, पण मुलीलाही विचारावं लागेल, तीही वारस आहे.

“विचारा,” बाई म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या फोनकडे बोट दाखवलं.

आपल्या आवाजात काय बिघडलंय हे मुलीने विचारायच्या आत नक्कलभाऊंनी एका दमात सगळं सांगितलं. फरशांचं दुकान, बाई, वही, उघडं दार. आईचं वाक्य गोष्टीत घ्यायला परवानगी मागताहेत, तुझं काय म्हणणं, असं विचारलं. मुलगी आधी हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

“माझी परवानगी आहे,” ती म्हणाली. “आता त्यांना माझ्या प्रतीचं विचारा.”

बाईंना विचारायची वेळ आली नाही, फोन एवढा मोठ्याने बोलत होता की त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी कागद घेतला आणि लिहून दिलं, की गोष्ट माझी आहे, या गृहस्थांच्या मुलीला आणि नातीला ती माझ्या आवाजात ऐकायला द्यावी. खाली सही केली. मग थोडा विचार करून एक ओळ वाढवली, की मलाही एक प्रत मिळावी.

कंपनीचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं. सदर नावाचं ध्वनिमुद्रण आमच्या यादीत आढळत नाही, सबब त्याबाबत परवानगी देणं अथवा नाकारणं आम्हांस शक्य नाही, असं त्यात होतं. नक्कलभाऊंनी ते पत्र दोन दिवस टेबलावर ठेवलं. चौतीस वर्षांत मंजूर आणि नामंजूर या दोनच गोष्टी त्यांनी पाहिल्या होत्या. तिसरी निघेल अशी त्यांना कल्पना नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र वहीत चिकटवलं आणि खाली लिहिलं: ‘विचारलं होतं.’ कायद्याने हे कितपत पुरे आहे, याची त्यांना खात्री नव्हती. वकिलांनाही नव्हती. पण आपल्यापुरतं पुरे आहे, असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर त्यांना सणकून भूक लागली.

बाईंची प्रत त्यांनी आधी करून पोचवली. मग यंत्र, कॅसेट आणि जोडायची वायर पिशवीत घालून ते सकाळच्या बसने मुलीकडे गेले. मुलीने फोन वायरीला जोडला, गोष्ट त्यात उतरायला लावली आणि ऐकत आतल्या खोलीत बसली. दार तिने लोटून घेतलं.

बाहेर नक्कलभाऊ आणि नात. नात जमिनीवर पालथी पडून बस रंगवत होती. तिने विचारलं, आजोबा, तुम्ही ऑफिसात काय करायचात? लोक काहीतरी लिहायचे, मी तेच पुन्हा लिहायचो, असं नक्कलभाऊंनी सांगितलं.

“तेच?”

“तेच.”

“त्यांचं चुकलेलं असलं तरी?”

“असलं तरी. दुरुस्त करायची परवानगी नसे.”

नातीने यावर विचार केला. ते काम तिला फारसं पसंत पडलेलं दिसलं नाही, पण तिने तसं म्हटलं नाही. तिने त्यांच्याकडे निळा खडू सरकवला आणि बसची मागची चाकं तुम्ही करा म्हणाली. नक्कलभाऊंनी पुढचं चाक नीट पाहून घेतलं, अंगठ्याने त्याचं माप घेतलं आणि कामाला लागले. आत पहिली बाजू संपून यंत्र खटकन थांबलं, तरी मुलगी लगेच बाहेर आली नाही. परतीची बस साडेचारची होती. चार वाजून गेल्यावर नक्कलभाऊंनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि नातीला विचारलं, की या बसला ड्रायव्हर कुठे आहे.